चॅनेलरोडॉप्सिन: उजेडाने उघडणाऱ्या वाहिनीची कुळकथा

चॅनेलरोडॉप्सिन म्हणजे उजेड पडताच उघडणारी आयन वाहिनी. हे प्रथिन मूळचे क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शेवाळाचे. ओली माती आणि साचलेले गोडे पाणी इथे या वंशाच्या जाती जगभर आढळतात. पेशीला दोन कशाभिका असतात आणि एका कडेला नारिंगी नेत्रबिंदू. उजेड आला की नेत्रबिंदूलगतच्या पटलातून विद्युत्प्रवाह वाहतो, कशाभिकांची हालचाल बदलते आणि पेशी वळते.

रोडॉप्सिन प्रथिनांच्या या कुळातली आधी सापडलेली शाखा खाऱ्या पाण्यातली. १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांना मीठप्रेमी सूक्ष्मजीवांच्या जांभळ्या पटलात बॅक्टेरिओरोडॉप्सिन मिळाले. प्रकाशाच्या बळावर प्रोटॉन बाहेर ढकलणारा हा पंप. हरगोविंद खुराना यांनीही त्याच्यावर पुढे बरेच काम केले. शेवाळाचा प्रकाशग्राहकही रोडॉप्सिनच आहे, हे फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले. १९९१ मध्ये हार्झ आणि हेगमान यांनी प्रवाह मोजले. पुढच्या मोजमापांत प्रकाश आणि प्रवाह यांतले वेळेचे अंतर इतके कमी भरले की ग्राहक आणि वाहिनी एकच असावी, असा तर्क निघाला. प्रथिन मात्र लवकर हाती लागेना. १९९५ मध्ये नेत्रबिंदूत विपुल असलेल्या क्लॅमिऑप्सिनवर बोट ठेवले गेले, पण ते नव्हेच, असे २००१ मध्ये ठरले. विपुल म्हणून महत्त्वाचे, हा समज इथे आड आला. खरी दोन जनुके शेवाळाच्या जनुकसंग्रहात सापडली. नागेल, हेगमान, बामबेर्ग आणि सहकाऱ्यांनी ती बेडकाच्या अंडपेशीत घातली, उजेड पाडला आणि प्रवाह वाहिला. पहिली वाहिनी २००२ मध्ये जाहीर झाली, दुसरी २००३ मध्ये.

या दुसरीची रचना पंपासारखीच: पटलाच्या आरपार सात सर्पिल दंड आणि सातव्यावरील २५७ क्रमांकाच्या लायसिनला जोडलेले रेटिनाल, म्हणजे जीवनसत्त्व अ चे जवळचे रूप. ४७० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडात रेटिनालचा तेरावा बंध वळतो. त्या धक्क्याने दंड सरकतात, पाणी आत शिरते आणि १, २, ३ व ७ या दंडांमधली वाट खुली होते. पंपात वाट कधीच दोन्ही टोकांना एकदम उघडी नसते. म्हणून एका प्रकाशकणामागे एकच प्रोटॉन जातो. वाहिनीत मात्र ती आरपार मोकळी होते आणि आयन आपल्या उतारानेच धावतात. बंद अवस्थेत वाट तीन ठिकाणी अडवलेली असते, हे २०१७ च्या स्फटिकरचनेत दिसले. सिस्टीन १२८ आणि अ‍ॅस्पार्टेट १५६ या जोडीचा वाटा बंद होण्यात मोठा: सिस्टीन बदलला की एरवी काही मिलिसेकंदांत बंद होणारी वाहिनी कित्येक सेकंद ते मिनिटे उघडी राहते.

२००५ मध्ये बॉयडेन, डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी ही वाहिनी चेतापेशीत बसवली. २०२१ मध्ये याच मार्गाने, क्रिम्सन या लालसर उजेडाला उघडणाऱ्या भावंडाच्या बदललेल्या रूपाने, अनेक वर्षे दृष्टी गेलेल्या एका ५८ वर्षांच्या रुग्णाला टेबलावरच्या वस्तू ओळखता आल्या. खास चष्मा मात्र घालावा लागला, कारण या प्रथिनाला नेहमीचा उजेड पुरत नाही.