पाकग्रंथांची साक्ष

राजांच्या वंशावळी, लढायांच्या तिथी आणि तहांची कलमे यांनाच इतिहासाची साधने मानण्याची आपली सवय फार जुनी आहे. स्वयंपाकाचे पुस्तक या साधनांच्या यादीत सहसा कोणी घालीत नाही. ते चुलीजवळच्या फडताळात, तेलकट बोटांचे ठसे अंगावर वागवीत, निमूटपणे पडलेले असते. परंतु न्यायालयात ज्याप्रमाणे एखाद्या वाण्याची रोजची खातेवही ही थाटामाटाच्या करारपत्राहून पुष्कळदा अधिक विश्वसनीय ठरते, त्याचप्रमाणे इतिहासाच्या दरबारातही पाकग्रंथाच्या साक्षीला एक वेगळे मोल आहे. ती साक्ष कोणाला जिंकण्यासाठी किंवा कोणाची स्तुती करण्यासाठी दिलेली नसते. उद्याचे जेवण चांगले व्हावे, एवढाच तिचा हेतू असतो.

अलीकडे आपल्याकडील घरांतूनही कुसकुस, हम्मुस, हरीसा हे शब्द ऐकू येऊ लागले आहेत. परदेशी राहून आलेली मुले-सुना सुटीत घरी येतात आणि एखाद्या संध्याकाळी भूमध्य समुद्राकाठचे हे पदार्थ रांधून वडीलधाऱ्यांना प्रेमाने वाढतात. त्या ताटामागे केवढा प्रवास आहे आणि त्या प्रवासात आपल्या भूमीचाही थोडा वाटा कसा आहे, हे पाहणे म्हणूनच अप्रस्तुत होणार नाही.

प्राचीन रोमचा म्हणून जो एक पाकग्रंथ आपणांपर्यंत पोहोचला आहे, तो आपिकियस या नावाने ओळखला जातो. त्याची नवव्या शतकातील दोन हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. त्यातील बहुतेक कृतींत एक पदार्थ हटकून येतो, आणि तो म्हणजे मिरी. ही मिरी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारातून, गलबतांत भरून जात असे. म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या पहिल्या मोठ्या पाकग्रंथातच आपल्या किनाऱ्याची सही उमटलेली आहे.

परंतु खरी मनोवेधक कथा बगदादच्या ग्रंथाची. इ. स. १२२६मध्ये मुहम्मद इब्न अल्-हसन अल्-बगदादी नावाच्या गृहस्थाने ‘किताब अल्-तबीख’, म्हणजे पाकक्रियेचे पुस्तक, लिहून पूर्ण केले. माणसाच्या सुखांचे सहा वर्ग करून त्यांत अन्नाला तो अग्रस्थान देतो. त्यानंतर अवघ्या बत्तीस वर्षांनी, १२५८मध्ये, मंगोलांनी बगदाद धुळीस मिळविले. तेथील खलिफा गेला, ग्रंथालये गेली. पण हे लहानसे पुस्तक वाचले. मोसुलच्या दाऊद चेलेबी या विद्वानाने त्याचे हस्तलिखित शोधून काढून १९३४मध्ये ते छापले. पुढे प्रसिद्ध प्राच्यविद्यापंडित आर्बेरी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. हे भाषांतर १९३९ साली कोठे प्रसिद्ध झाले असेल? लंडनमध्ये नव्हे, कैरोमध्येही नव्हे, तर आपल्या हैदराबादेत! निजामाच्या आश्रयाने १९२७पासून तेथे ‘इस्लामिक कल्चर’ हे त्रैमासिक निघत असे. त्याच्या अंकांतून बगदादच्या मुदपाकखान्याचे हे वर्णन दख्खनमध्ये प्रथम इंग्रजी वेषात अवतरले.

येथे एक जुळणी सहज ध्यानात येते. अल्-बगदादीच्या सुमारे शंभर वर्षे आधी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यातील ‘अन्नभोग’ या प्रकरणात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन केले. तो ग्रंथ श्रीगोंदेकर यांनी संपादून १९२५पासून वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत आणला. एका संस्थानाने बगदादची चूल विझू दिली नाही, दुसऱ्याने कल्याणीची. संस्थानिकांच्या दोषांची यादी मोठी असेल. जमेच्या बाजूला हे दोन आकडे मांडणेही न्यायाचे होईल.

बगदादच्या या ग्रंथात ‘मुजद्दरा’ नावाचा पदार्थ आहे. मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून तो करतात. अल्-बगदादीच्या कृतीत मांसही आहे. पण आज सीरिया-लेबनॉनकडे तो मांसावाचूनच, वर तळलेला कांदा घालून, खातात. ‘मुजद्दरा’ या शब्दाचा अर्थ देवीचे व्रण असलेला, असा आहे. भातात ठिपक्यांसारखी दिसणारी डाळ पाहून कोणा विनोदी माणसाने तो ठेवला असावा. आपल्या वाचकांना या ताटात खिचडीची सख्खी बहीण दिसेल. इजिप्तमधील ‘कोशरी’ हा पदार्थ तर नावानेही खिचडीच्या जवळचा आहे, आणि तो हिंदुस्थानातून गेला असे पुष्कळ जण सांगतात. केवळ नामसादृश्य हा निर्णायक पुरावा नव्हे, हे वकिलाने तरी विसरू नये. पण तो विचारात घेण्याजोगा पुरावा खासच आहे.

उत्तर आफ्रिकेचा एक साक्षीदार तर आपल्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष जेवून गेला. मोरोक्कोतील तांजिअर शहरी १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात आला. मुगाची आणि तांदळाची खिचडी तुपाबरोबर सकाळी खातात, अशी नोंद त्याने केली आहे. पुढे कोकणपट्टीत होन्नावर येथे तो तेथील सुलतानाच्या पंक्तीला बसला. तांब्याच्या थाळ्यात पळीने वाढलेला भात, त्यावर तूप, बाजूला मिरीचे घोस, ओले आले, लिंबू आणि आंबा यांची लोणची, आणि शेवटी दही, असा तो क्रम त्याने बारकाईने लिहून ठेवला आहे. पाळी चुकत नाही, वाढपाची रीत चुकत नाही. यजमान मुसलमान, पाहुणा मोरोक्कोचा, पण ताट मात्र अस्सल कोकणी! अकरा महिने या सुलतानाकडे राहून आपण भाकरीचे तोंड पाहिले नाही, हेही तो सांगतो. गव्हावर वाढलेल्या माणसाचा तो सुस्कारा सहाशे वर्षांनंतरही ऐकू येतो.

आता गव्हाच्या त्या प्रदेशाकडे वळू. कुसकुस हे उत्तर आफ्रिकेचे प्राणभूत अन्न. कठीण जातीच्या गव्हाचा रवा परातीत पसरायचा, त्यावर मिठाच्या पाण्याचा शिपका मारीत आणि बारीक पीठ भुरभुरवीत तळहाताने गोल फिरवायचा, म्हणजे त्याचे मोहरीएवढे दाणे वळतात. ते चाळून सच्छिद्र भांड्यात घालतात. खालच्या भांड्यात चणे, गाजर, भोपळा, सलगम यांचा रस्सा रटरटत असतो आणि त्याच्याच वाफेवर वरचे दाणे फुलतात. आपल्या मोदकपात्राचीच ही युक्ती. मधूनमधून दाणे उतरवून हाताने मोकळे करायचे आणि पुन्हा वाफेवर ठेवायचे, असे दोनतीनदा होते. हे काम बहुधा घरातील बायका एकत्र बसून करतात, आणि शुक्रवारी सारे कुटुंब एकाच मोठ्या थाळीभोवती बसून ते खाते. २०२०मध्ये युनेस्कोने अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांच्या एकत्रित अर्जावरून कुसकुसला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. यांपैकी अल्जीरिया आणि मोरोक्को यांचे राजनैतिक संबंध पुढच्याच वर्षी तुटले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका थाळीचे महत्त्व कळते.

कुसकुसच्या कृती तेराव्या शतकातील ज्या ग्रंथांत सापडतात, त्यांतला एक इब्न रझीन अल्-तुजीबी याचा. हा स्पेनमधील मुर्सियाचा रहिवासी. ख्रिस्ती राजांनी ती नगरी घेतल्यावर तो जन्मभूमी सोडून निघाला आणि अखेर ट्युनिसमध्ये स्थिरावला. तेथे बसून त्याने आपल्या गमावलेल्या अंदलुसियाच्या पदार्थांचा ग्रंथ लिहिला. राज्य परत मिळण्याची आशा नव्हती. परंतु वांग्याचे भरीत कसे करीत, पीठ कसे मळीत, हे तरी पुढच्या पिढीस कळावे, अशी त्याची तळमळ त्या ग्रंथावरून वाटते.

पुढे स्पेनमध्ये जे घडले, ते आपल्या गोमंतकीय वाचकांना परके वाटणार नाही. १४७८मध्ये तेथे इन्क्विझिशन स्थापन झाले. १४९२मध्ये यहुद्यांची हकालपट्टी झाली. आणि १६०९ ते १६१४ या काळात धर्मांतरित मुसलमानांच्या वंशजांनाही देशाबाहेर घालविण्यात आले. मधल्या काळात जे बाटून मागे राहिले होते, त्यांच्या स्वयंपाकघरावर पहारा बसला. डुकराच्या चरबीऐवजी ऑलिव्हच्या तेलात रांधणे, शनिवारसाठी शुक्रवारीच हंडी चढविणे, कुसकुस खाणे, ही जुन्या धर्माची खूण म्हणून अभियोगात पुढे येई. साक्ष देणारी बहुधा घरातलीच मोलकरीण असे. चूल ही माणसाच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून उभी केली गेली.

गोव्यात इन्क्विझिशन १५६०मध्ये आले आणि १८१२मध्ये कायमचे गेले. त्याच्या १७३६च्या आज्ञापत्राचा तपशील अ. का. प्रियोळकरांनी १९६१च्या आपल्या ग्रंथात दिला आहे. हिंदूंप्रमाणे भात मिठावाचून शिजवून मागाहून चवीपुरते मीठ घालणे नवख्रिस्ती लोकांना त्यात निषिद्ध ठरविले आहे! भाताच्या तपेल्यात मीठ केव्हा पडते, यावर राज्यसत्तेने नजर ठेवावी, याहून विलक्षण गोष्ट ती कोणती? श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास नेणाऱ्या आपल्या पूर्वजांनी देवांबरोबर देवाच्या नैवेद्याची रीतही खाडीपार नेली. तिचे पुस्तक मात्र कोणी लिहिले नाही. ती हातांत आणि जिभेवर राहिली.

विसाव्या शतकात हीच कथा कैरोत पुन्हा घडली. १९५६च्या सुवेझ युद्धानंतर इजिप्तमधील यहुदी कुटुंबांना मोठ्या संख्येने देश सोडावा लागला. १९३६मध्ये कैरोत जन्मलेल्या क्लॉडिया रोडन तेव्हा लंडनमध्ये शिकत होत्या. परागंदा झालेले नातलग आणि स्नेही भेटले की एकमेकांच्या पाककृती लिहून घेत. पुन्हा भेट होईल न होईल, निदान हा पदार्थ करताना आठवण तरी होईल, अशी ती भावना. इजिप्तमध्ये असे पाकग्रंथ नव्हते, सारे आईकडून लेकीकडे येई, असे रोडनबाईंनी सांगितले आहे. त्या कृती गोळा करीत असता जुन्या ग्रंथांचा शोध घेताना त्यांच्या हाती आर्बेरींचे भाषांतर लागले, आणि आपल्या घरी होत असलेल्या पदार्थांचे पूर्वज त्यांना त्यात दिसले. हैदराबादेत छापलेल्या पानांनी कैरोच्या निर्वासित मुलीला तिच्या आजीच्या स्वयंपाकाची सातशे वर्षांची वंशावळ दिली! १९६८मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे मध्यपूर्वेच्या अन्नावरील पुस्तक आज अनेक देशांत घरोघरी वापरले जाते. स्पेनमध्ये ज्या चुलीने आरोपीविरुद्ध साक्ष दिली, तीच येथे त्याच्या बाजूने बोलली.

या कथेचा आपल्याशी संबंध एवढाच नाही की कधी हौसेने कुसकुस करावे. ते जरूर करावे. देवाच्या नैवेद्याचे नियम ज्याने त्याने आपल्या परंपरेप्रमाणे पाळावेत. पण घरच्या पंक्तीला मुजद्दऱ्याने किंवा चण्याच्या हम्मुसाने बाध येण्याचे कारण नाही. ज्या लाल मिरचीवाचून आज आपले हुमण वा आमटी होत नाही आणि ट्युनिशियाचा हरीसा होत नाही, ती दोन्हीकडे अमेरिकेतूनच आली आहे. पाहुणा म्हणून आलेला पदार्थ घरचा कसा होतो, याचे याहून मोठे उदाहरण नको.

परंतु दुसऱ्यांचे ग्रंथ चाळताना आपल्या फडताळात काय आहे, हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ आहे, कमलाबाई ओगले यांची १९७०ची ‘रुचिरा’ आहे. तथापि इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, वडोदरा येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांनी त्या त्या मातीत जे रांदप घडविले, देवळांच्या अन्नसंतर्पणात जे प्रमाण आणि जो क्रम जपला, त्यातले किती कागदावर आले आहे? मृत्युपत्रात शेत, घर, दागिने यांची वाटणी होते. सासूच्या हाताच्या खतखत्याची नोंद कोणीच करीत नाही. इब्न रझीनने आणि रोडनबाईंनी घर गमावल्यानंतर लेखणी उचलली. आपले घर अजून उभे आहे, आणि सांगणारी वृद्ध माणसे घरात आहेत. त्यांच्याजवळ बसून, वही उघडून, ‘मीठ केव्हा घालायचे?’ येथपासून विचारण्यास आरंभ करावा.