प्रो कबड्डी लीगमधील खेळाडूंची भूमिकानिहाय क्रमवारी

प्रो कबड्डी लीगमधील खेळाडूंची भूमिकानिहाय क्रमवारी म्हणजे या व्यावसायिक स्पर्धेतील चढाईपटू, कोपरारक्षक, मध्यरक्षक आणि अष्टपैलू यांची तुलना त्यांच्या त्यांच्या गटापुरती करण्याची पद्धत होय. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झालेल्या या लीगमध्ये खेळाडूंचे एकूण गुण, चढाईचे गुण आणि पकडीचे गुण अशा स्वतंत्र याद्या ठेवल्या जातात. यांपैकी एकूण गुणांची यादी सर्वाधिक चर्चिली जात असली तरी तिच्यावरून खेळाडूची थोरवी ठरवणे दिशाभूल करणारे आहे. कबड्डीत गुण मिळवण्याची संधी सातही खेळाडूंना सारखी मिळत नाही.

गुणांची विषम संधी

चढाई ३० सेकंदांची असते. एका चढाईत खेळाडू एकापेक्षा अधिक बचावपटूंना स्पर्श करून तेवढे गुण मिळवू शकतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा नियमानुसार ओलांडल्यास आणखी एक गुण मिळतो. याउलट पकडीला साधारणतः एकच गुण असतो. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, आणि बचावपटूची कमाल तेवढीच. चढाईपटू कोणताही धोका न पत्करता रिकामा परत येऊ शकतो. बचावपटूने अवेळी झेप घेतली, तर तो स्वतः बाद होतो आणि प्रतिस्पर्ध्याला गुण देऊन जातो. त्यामुळे काही वेळा बचावपटूचा उत्तम निर्णय म्हणजे पकड न करणे हा असतो, आणि त्याची नोंद कोणत्याही यादीत होत नाही.

लीगच्या परिभाषेतही हा फरक दिसतो. एका सामन्यात चढाईचे १० गुण मिळवल्यास ‘सुपर टेन’, तर पकडीचे ५ गुण मिळवल्यास ‘हाय फाइव्ह’ अशी नोंद होते. म्हणजे बचावपटूचा एक गुण चढाईपटूच्या जवळपास दोन गुणांच्या तोडीचा आहे, असेच ही मोजपट्टी सुचवते. संपूर्ण हंगामाचा विचार केल्यास अंतर याहून वाढते. प्रदीप नरवालने २०१७ च्या पाचव्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळवले. पुढच्या हंगामात उत्तर प्रदेश योद्धा संघाचा उजवा कोपरारक्षक नितेश कुमार एका हंगामात पकडीचे १०० गुण मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. ३६९ आणि १०० हे आकडे शेजारी ठेवून कोण श्रेष्ठ असे विचारणे व्यर्थ होय.

चढाईपटू

चढाईपटूंची आपसांतील तुलना त्यामानाने सोपी आहे. मात्र तिथेही हंगामाची लांबी लक्षात घ्यावी लागते. पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि प्रत्येकाला साखळीत १४ सामने मिळत. पाचव्या हंगामापासून संघ बारा झाले आणि साखळी सामन्यांची संख्या वाढली. म्हणून पहिल्या हंगामातील अनुप कुमारच्या गुणांची नंतरच्या खेळाडूंशी थेट तुलना करता येत नाही.

प्रदीप नरवालचे ३६९ गुण २६ सामन्यांतील आहेत. पवन सेहरावतने बंगळुरू बुल्सकडून २०१९ मध्ये चढाईचे ३४६ गुण २४ सामन्यांत मिळवले. एकूण गुणांत प्रदीप पुढे आहे; प्रतिसामना सरासरी काढल्यास पवन (सुमारे १४.४) प्रदीपच्या (सुमारे १४.२) किंचित पुढे जातो. एका सामन्यात चढाईचे ३९ गुण मिळवण्याचा पवनचा विक्रमही याच हंगामातील, हरियाणा स्टीलर्सविरुद्धचा. तरीही प्रदीपच्या बाजूने एक मुद्दा उरतो: त्याच्या गुणांच्या जोरावर पाटणा पायरेट्सने त्या हंगामात सलग तिसरे विजेतेपद मिळवले.

सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई ही वेगळीच कसोटी आहे. तिच्यात गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. अनेक संघ ही जबाबदारी मुख्य चढाईपटूवर न टाकता दुय्यम चढाईपटूकडे देतात. त्याचे गुण थोडे असतात आणि प्रत्येक वेळी समोरचे बचावपटू तयारीत असतात. एकूण गुणांच्या यादीत असा खेळाडू तळाशी सापडतो. संघाच्या दृष्टीने त्याचे मोल त्याहून कितीतरी अधिक असते.

कोपरारक्षक आणि मध्यरक्षक

बचावातील दोन जागांमध्येही मोठा फरक आहे. कोपरारक्षक प्रामुख्याने घोट्याची किंवा मांडीची पकड करतो. मध्यरक्षक धडक देऊन किंवा वाट अडवून चढाईपटूला मध्यरेषेपासून दूर ठेवतो. पकडीचा गुण एकाच्या नावावर जातो, आणि पहिला हात घालण्याची संधी अधिक वेळा कोपऱ्याला मिळते. मध्यरक्षकाने दिलेल्या आधाराविना ती पकड सुटली असती, तरी क्रमवारीत त्याला स्थान नसते. बास्केटबॉलमध्ये गार्ड, फॉरवर्ड आणि सेंटर यांची तुलना करताना सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास, परतलेला चेंडू मिळवणे, चेंडू हिसकावणे अशा बाबी स्वतंत्रपणे मोजल्या जातात. कबड्डीच्या क्रमवारीत मदतीचा असा रकाना रूढ झालेला नाही. सुरजीत सिंग किंवा मुंबईचा विशाल माने यांच्यासारख्या मध्यरक्षकांना कोपरारक्षकांच्या तुलनेत कमी प्रसिद्धी मिळण्याचे हे एक कारण मानता येईल.

डाव्या कोपऱ्यावर इराणचा फझल अत्राचली हा दीर्घ कारकिर्दीच्या कसोटीवर अग्रस्थानी आहे. लीगमध्ये पकडीचे ५०० हून अधिक गुण त्याच्या नावावर आहेत. त्याचाच देशबांधव मोहम्मदरेझा शादलूई याने एका सामन्यात पकडीचे १६ गुण मिळवण्याचा विक्रम केला आहे. पुणेरी पलटणच्या संदर्भात या दोघांची तुलना विशेष बोलकी ठरते. नवव्या हंगामात फझलच्या नेतृत्वाखालील पुणे संघ अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा पराभूत झाला. पुढच्या हंगामासाठी पुण्याने शादलूईला २.३५ कोटी रुपयांना घेतले. त्याने हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी शादलूई हरियाणाकडे गेला आणि तो संघ विजेता झाला. एका बचावपटूमुळे संघ जिंकतो असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु लिलावात केवळ चढाईपटूंनाच मोठी किंमत मिळते हा समज यामुळे मागे पडला.

अष्टपैलू

अष्टपैलूंची क्रमवारी लावणे सर्वांत अवघड आहे, कारण या गटाची सीमाच निश्चित नाही. शादलूईची नोंद अष्टपैलू म्हणून होते, पण त्याचा पाया डाव्या कोपऱ्यावरील बचाव हाच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार याचा पिंड चढाईपटूचा असला तरी तो बचावातही उपयुक्त ठरतो. दहाव्या हंगामात चढाईच्या यादीत तो अग्रस्थानी नव्हता. तरीही पुण्याच्या या कर्णधाराची हंगामातील सर्वाधिक मौल्यवान खेळाडू म्हणून निवड झाली.

महाराष्ट्रातील खेळाडू

महाराष्ट्राच्या चढाईपटूंमध्ये सांगली जिल्ह्यातील काशिलिंग आडके, मुंबईचा रिशांक देवाडिगा आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई यांची शैली एकमेकांपासून अगदी भिन्न आहे. रिशांक चपळाई आणि बोनस गुणांसाठी ओळखला जातो. पाचव्या हंगामात त्याने जयपूरविरुद्ध एका सामन्यात चढाईचे २८ गुण मिळवून तत्कालीन विक्रम केला होता. सिद्धार्थचा भर ताकदीवर. यू मुंबाकडून पदार्पणाच्या हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले, आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी रुपये मोजले.

बचावपटूंमध्ये ठाणे जिल्ह्याचा गिरीश एरनाक हा डावा कोपरारक्षक उल्लेखनीय आहे. पुणेरी पलटणचे कर्णधारपद त्याने भूषवले, आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील भारतीय संघात रिशांकसह त्याचा समावेश होता. रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते.

पारितोषिकांची परंपरा

भूमिकेनुसार गौरव करण्याची पद्धत लीगने नव्याने आणलेली नाही. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या परिसरासह ठाणे, मुंबई आणि कोकणात मंडळांच्या वतीने भरणाऱ्या स्पर्धांमध्ये उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि सर्वोत्कृष्ट खेळाडू अशी निरनिराळी पारितोषिके दिली जातात. पकडीच्या पारितोषिकाचा निर्णय अनेकदा आकड्यांवर न होता सामना पाहणाऱ्या जाणकारांच्या मतावर होतो. त्यामुळे गुणयादीत न दिसणाऱ्या मध्यरक्षकालाही तिथे संधी असते. लीगच्या पारितोषिकांतही सर्वोत्तम चढाईपटू आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन विभाग कायम आहेत. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक मात्र बचावपटू या एकाच विभागात मोजले जातात.