एका जारमध्ये दोन क्लास: जेलिंकने कुठला उचलायचा?

एखाद्या तंत्राचा इतिहास लिहायला घेतला की आपण नियम ठरल्याच्या तारखेवर थांबतो. तिथे थांबू नका. जावाचं उदाहरण बघा.

१९९७ च्या जावा १.१ पासून लायब्ररी जार फाइलमधून वाटली जाते. जार म्हणजे मुळात झिप. तिच्यात एका नावाचा एकच क्लास, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. यात लायब्ररी लिहिणाऱ्यांची कोंडी व्हायची. नव्या आवृत्तीतल्या सोयी वापरल्या तर जुन्या जावावर लायब्ररी चालत नाही. नाही वापरल्या तर सगळेच मागे राहतात.

सप्टेंबर २०१७ मधल्या जावा ९ ने यावर मल्टी-रिलीज जार आणली. नेहमीचे क्लास जागच्या जागी, ९ साठीचे पर्यायी क्लास वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि मॅनिफेस्टमध्ये तसं सांगणारी एक ओळ. जावा ८ ला या फोल्डरचा अर्थच कळत नाही, म्हणून ते मुकाट्याने जुना क्लास घेतं. जावा ९ नवा घेतं. म्हणजे निवड होते प्रोग्राम चालताना.

आता गंमत पुढे आहे. जावा ९ सोबतच जेलिंक हे साधनही आलं. ते तुमचे मॉड्यूल आणि जावाचे लागतील तेवढेच मॉड्यूल एकत्र करून छोटी रनटाइम प्रतिमा बांधतं. या प्रतिमेत जार उरतच नाही. क्लास एका मोठ्या फाइलमध्ये ओतले जातात. मग चालताना निवडणार कशातून? निवड जोडणीच्या वेळीच करावी लागते. ती केली नाही, तर नव्या प्रतिमेत जुना क्लास जाऊन बसेल, आणि बहुधा एररही दिसणार नाही.

शिवाय निवड कुठल्या आवृत्तीनुसार? जेलिंक स्वतः ज्या जावावर चालतंय तिच्यानुसार, की प्रतिमेत जाणाऱ्या जावानुसार? उत्तर दुसरं. प्रतिमेत जाणाऱ्या ‘जावा.बेस’ मॉड्यूलची आवृत्ती बघायची, कारण क्लास शेवटी तिच्यावरच चालणार.

तेव्हा तुमच्या विषयात नियम बदलल्याची नोंद सापडली, की जुन्या गृहीतकावर उभ्या असलेल्या सगळ्यांची यादी करा. इथे ती कंपायलर, क्लासलोडर, जेलिंक अशी होते. प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवा: हा निर्णय कधी घेतो, आणि कुणासाठी?