वन ट्री हिलवरचं झाड

ऑकलंडला पाहुणे आले की आपण त्यांना वन ट्री हिलवर नेतोच. वर पोचल्यावर ठरलेला प्रश्न येतो, "अहो, पण ते झाड कुठाय?" मीही बरीच वर्षं "होतं पूर्वी, तोडलं" एवढ्यावर वेळ मारून नेत असे. पण ही गोष्ट एका ओळीत संपणारी नाही.

टेकडीचं मूळ नाव माउंगाकीएकी, म्हणजे कीएकी नावाच्या वेलीचा डोंगर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वाइओहुआ लोकांचा प्रमुख किवी तामाकी याचं हे मोठं ठाणं होतं. उतारावर दिसणाऱ्या पायऱ्या त्या वस्तीच्याच. माथ्यावर एकच तोतारा वृक्ष होता. माओरी परंपरा सांगते की एका सरदारपुत्राच्या जन्माच्या वेळी तोताराच्या काटकीने त्याची नाळ कापली, ती काटकी तिथेच रोवली आणि तिचा वृक्ष झाला. "आमची नाळ तिथे पुरली आहे" असं आपण गावाबद्दल सहज म्हणून जातो. त्यामुळे हे झाड त्यांना काय वाटत असेल, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

१८५२ साली गोऱ्या वसाहतवाल्यांनी माथ्यावरचं झाड तोडलं. सरपणासाठी, असं म्हणतात. कुणाला विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

पुढे जॉन लोगन कॅम्पबेल या व्यापाऱ्याने १८७०च्या दशकात तिथे पुन्हा झाडं लावली. लावली होती देशी झाडं, आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून भोवती पाइन. देशी रोपं त्या वाऱ्यात टिकली नाहीत. आडोशाची दोन पाइनं मात्र तगली! हे रेडिआटा पाइन मूळचं कॅलिफोर्नियाचं, म्हणजे तेही आपल्यासारखंच बाहेरून आलेलं. कॅम्पबेलने १९०१ मध्ये कॉर्नवॉल पार्कची जमीन जनतेला देऊन टाकली. आज आपली मुलं मेंढ्या बघत हुंदडतात ती हीच. माथ्यावरचा दगडी स्तंभ उभा राहिला तोही त्याने ठेवलेल्या पैशांतून, माओरी लोकांच्या सन्मानार्थ. त्याची समाधी तिथेच आहे.

दोन पाइनांपैकी एक १९६० मध्ये कुणीतरी तोडलं. दुसरं एकटं उभं राहिलं आणि शहराची खूण झालं. २८ ऑक्टोबर १९९४ रोजी माइक स्मिथ या माओरी कार्यकर्त्याने त्याच्यावर यांत्रिक करवत चालवली. १८३५ मध्ये त्याच तारखेला माओरी सरदारांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. सरकार वाइतांगी कराराचे दावे ज्या रीतीने मिटवू पाहत होतं, त्याविरुद्ध हा निषेध होता. स्मिथ उत्तरेकडच्या न्गापुही जमातीचा, ऑकलंडचा नव्हे. त्याचा राग मला कळतो, पण झाडाने काय केलं होतं, हा प्रश्नही मनातून जात नाही. झाड तारांनी बांधून जगवायची खटपट झाली. १९९९ मध्ये दुसरा हल्ला झाला आणि ऑक्टोबर २००० मध्ये ते उतरवावंच लागलं. लोक गमतीने 'नन ट्री हिल', म्हणजे एकही झाड नसलेली टेकडी, म्हणू लागले.

माथा जवळजवळ सोळा वर्षं रिकामा राहिला, कारण आता झाड लावायचं तर ते कुणी, हे आधी ठरायला हवं होतं. २०१४ च्या कायद्याने ऑकलंडचे चौदा ज्वालामुखी डोंगर इथल्या माओरी जमातींच्या मालकीचे झाले आणि त्यांच्या कारभारासाठी जमाती व नगरपालिका यांचं संयुक्त प्राधिकरण आलं. जून २०१६ मध्ये पहाटेच्या प्रार्थनेनंतर नऊ रोपं लावली गेली, पोहुतुकावा आणि तोतारा. कॅम्पबेलचा धडा लक्षात ठेवून यावेळी आडोसा कुंपणाचा केला.

इथे मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवतं. आरमाराला लाकूड हवं, पण रयतेची आंबा-फणसाची झाडं मालकाच्या राजीखुशीशिवाय, मोल दिल्याशिवाय तोडू नयेत, असं त्यात बजावलं आहे. कारण दिलंय तेही असं की रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार!

आणि गंमत बघा, याच प्राधिकरणाने २०१९ मध्ये माउंट अल्बर्टवरची (ओवाइराका) ३४५ परदेशी झाडं काढून देशी लावायचं ठरवलं, तेव्हा आसपासचे रहिवासी झाडं वाचवायला तिथे ठाण मांडून बसले. देशी झाडं परत आणण्याच्या हेतूला माझा विरोध नाही. पण खालच्या गल्लीतला माणूस ज्या सावलीत वाढला, तिच्याबद्दल त्याला विचारायला हवंच. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. लोकांशी सल्लामसलत नीट झाली नव्हती, हा त्यातला मोठा मुद्दा होता.

अंगणातल्या झाडांचं काय, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यामुळे शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. ती मिळते कशी, ते सोडा! न्यूझीलंडमध्ये मात्र २००९ ची कायदादुरुस्ती २०१२ पासून लागू झाली आणि शहरी झाडांना सरसकट असलेलं संरक्षण गेलं. ऑकलंडमध्ये खास यादीत नोंदलेली झाडं वगैरे वगळता बाकीची मालकाच्या मर्जीवर आली. २०१३ च्या मोजणीत ऑकलंडवरचं वृक्षछत्र १८ टक्के भरलं. नगरपालिकेने ते ३० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे, पण यातली बरीच झाडं खासगी आवारांत आहेत. म्हणजे तुमच्या-माझ्या कुंपणाच्या आत. आपल्यापैकी कितीजणांनी घर घेतल्यावर, पन्हाळीत पानं अडकतात म्हणून पहिला फोन झाड तोडणाऱ्याला केला, ते यंदाच्या फराळाला एकमेकांना विचारून बघू या.