बसलेल्या घशाची देणगी

घसा बसणं ही गाणाऱ्यांची फार जुनी तक्रार. डो-रे-मीचं कूळ शोधत मागे गेलं, तर आपण याच तक्रारीपाशी पोचतो.

२४ जूनला, संत योहानाच्या सणाला, चर्चमध्ये एक लॅटिन स्तोत्र गातात. ते आठव्या शतकातल्या पॉल द डीकन या विद्वान मठवासीच्या नावावर आहे. आख्यायिका अशी, की ईस्टरच्या आदल्या रात्री त्याला मेणबत्तीच्या आशीर्वादाचं लांबलचक गायन करायचं होतं आणि ऐन वेळी त्याचा आवाज बसला. त्यानं योहानाला साकडं घातलं. योहानालाच का, तर बायबलनुसार त्याचा बाप जखऱ्या मुका झाला होता आणि मुलाचं नाव ठेवताना त्याची वाचा परतली होती. स्तोत्रातलं पहिलं मागणंही मोकळ्या गळ्याचंच आहे.

पुढे अकराव्या शतकात हे स्तोत्र ग्विदो या इटालियन साधूच्या हाती आलं. ग्विदो पोंपोझाच्या मठात होता, नंतर आरेझ्झोला बिशप तेदाल्दच्या आश्रयाला गेला आणि तिथल्या कॅथीड्रलच्या गायकांना शिकवू लागला. तेव्हाचं शिकवणं म्हणजे मास्तरांनी गायचं आणि मुलांनी मागून म्हणायचं. पोथीत शब्दांवर खुणा असत. पण त्यांवरून सूर चढतो की उतरतो एवढंच कळे, किती चढतो ते कळत नसे. त्यामुळे नवं पद आलं की पुन्हा मास्तरांच्याच गळ्यावर भार. दहा-दहा वर्षं घोकूनही गायकांना पुरतं येत नाही, असं ग्विदोनं स्वतः लिहून ठेवलं आहे.

त्यानं दोन उपाय काढले. पहिला रेघांचा. खुणा आडव्या रेघांवर आणि रेघांच्या मधल्या जागांत मांडायच्या. त्यातली एक रेघ लाल, एक पिवळी, म्हणजे नजर चुकायला नको. दुसरा उपाय त्या स्तोत्राचा. त्याच्या पहिल्या सहा तुकड्यांची सुरुवात ओळीनं एकेक सूर वर होते आणि त्यांची पहिली अक्षरं येतात उत्, रे, मी, फा, सोल, ला. स्तोत्र पाठ असलेल्या मुलाच्या गळ्यात सहा सूर आयतेच बसलेले असत. अनोळखी पदात एखादा सूर दिसला, की तो कोणत्या तुकड्याच्या आरंभाचा एवढंच आठवायचं. मास्तरांनी आधी गाऊन दाखवण्याची गरज उरली नाही. आता वर्षभरात, फार तर दोन वर्षांत पक्का गायक तयार होतो, असा ग्विदोचा दावा होता. पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला रोमला बोलावलं आणि कधी न ऐकलेली एक ओळ त्याच्या पोथीवरून स्वतः गाऊन पाहिली.

ग्विदोचं स्वतःचं आयुष्य मात्र फारसं सुखाचं नव्हतं. पोंपोझात सहकाऱ्यांच्या मत्सरानं छळलं, रोमच्या दमट उन्हाळ्यानं आजारी पाडलं. पोपचा आग्रह असूनही त्याला तिथून निघावं लागलं.

त्याच्या नावानं पुढे ‘ग्विदोचा हात’ रूढ झाला, जरी त्याच्या स्वतःच्या ग्रंथांत तो सापडत नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याचं टोक हा सर्वांत खालचा सूर. तिथून अंगठ्याच्या मुळाकडे उतरायचं, चारही बोटांच्या मुळांवरून आडवं जायचं, करंगळीवर चढायचं आणि बोटांच्या टोकांवरून परत यायचं. मास्तर उजव्या बोटानं पेर दाखवत, मुलं तो सूर लावत. गळ्याचं काम हातावर आलं.

‘उत्’ उघड्या स्वरात गाता येत नाही, म्हणून सतराव्या शतकात इटलीत त्याचा ‘डो’ झाला. सातव्या सुराला ‘सी’ मिळालं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांनी ‘सी’चं ‘टी’ केलं, कारण सात सुरांची आद्याक्षरं वेगळी असली की नुसत्या अक्षरांत गाणं लिहिता येतं. त्यांची पद्धत १८३५ साली छापली गेली. जॉन कर्वेन या पाद्र्यानं ती सुधारून ‘टॉनिक सोल्फा’ म्हणून पसरवली आणि प्रत्येक सुराला हाताची खूण दिली. या पद्धतीत डो सरकता असतो, आपल्या षड्जासारखा. गाणाऱ्यांना पट्टी उंच वाटली, तर डो खाली घेता येतो. मिशनऱ्यांबरोबर ती मिझोरामपर्यंत आणि आफ्रिकेत पोचली. एनोक सोंटोंगा यांनी १८९७ साली रचलेलं ‘न्कोसी सिकेलेल’ इआफ्रिका’ याच अक्षरांत लिहिलेलं होतं.

गोव्यात सोल्फा त्याच्याही कितीतरी आधी, पोर्तुगीजांबरोबर आला. चर्चच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना आधी सोल्फा घोकायला लावत, मग हाती व्हायोलिन देत. नोटेशन वाचणाऱ्या याच मुलांनी पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, तिथल्या चर्चच्या गायनमास्तरांचे चिरंजीव. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते शिष्याच्या कृतज्ञतेपोटी.

सा-रे-ग-म आणि डो-रे-मी यांचं नातं जोडण्याचा मोह अनेकांना होतो. पण आपली सरगम ग्विदोच्या कितीतरी आधीची, आणि त्याची अक्षरं त्या स्तोत्रातूनच आली. दोन्ही स्वतंत्र कुळं.

शाळेत समूहगान बसवणाऱ्या बाईंना आणि सरांना यातून एवढंच सांगणं: पट्टी पेटीवर ठरवू नका, मुलांच्या गळ्यांना विचारून ठरवा. प्रत्येक ओळ दहादा गाऊन दाखवण्यापेक्षा हातानं दाखवा आणि मुलांना सूर स्वतः शोधू द्या. गळे त्यांचेही टिकतील, तुमचाही.