माप बघून काडतूस

कान्हे स्टेशनावर लोकलची वाट पाहताना आमचे अण्णा शिकारीचे शास्त्र सांगत. अण्णांनी जन्मात ढेकणाखेरीज काही मारले नव्हते, पण अधिकार मोठा! "सशाला बारीक छर्रा, डुकराला एल.जी. हरणाला .२७५ रायफल चालेल, वाघाला मात्र.३७५ हवी!"

मी कॉमर्सचा पदवीधर. मला हे चटकन पटले. बँकेतही शेळीला एवढे कर्ज, ट्रॅक्टरला तेवढे.

आमच्याच लाइनीवर खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना. पण फौजेचे .३०३ चे काडतूस साहेब शिकाऱ्याला देईना. चोरीचा माल बंडवाल्यांच्या हाती गेला तर? १८५७ चे बंडही काडतुसावरूनच पेटलेले! म्हणून इथल्या शिकाऱ्याच्या वाट्याला .३१५ आली.

"आणि काडतूस कमी पडलं तर?" मी विचारले.

"जनावर मरत नाही. जखमी होऊन रानात शिरतं."

मग अण्णांनी चंपावतच्या वाघिणीची गोष्ट सांगितली. जिम कॉर्बेटने ती १९०७ साली मारली. तिच्या नावावर ४३६ माणसे. उजवीकडचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले; नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसांवर आली. कुणाची तरी गोळी अर्धवट लागली आणि हप्ते ४३६ घरांनी फेडले.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाच्या शिकारीचे खाते बंद झाले, ते बरेच झाले.

लोकल आली. अण्णा उठत म्हणाले, "बरं झालं बाबा, आपला नेम ढेकणापुढे गेला नाही!"