नमुना ८ उतारा: घरपट्टी भरण्याआधी काय तपासाल?

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घराच्या माळवदाच्या दोन खोल्या पाडल्या, पण ग्रामपंचायतीत कळवायचं राहिलं. घरपट्टी भरताना मी फक्त रक्कम बघायचो, त्यामुळे पाडलेल्या खोल्यांचाही कर भरत राहिलो.

काय बघाल? नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही. तिच्या उताऱ्यावर नाव, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वय तपासा. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो, म्हणून वय चुकलं की कर वाढतो.

चूक असेल तर? फोटो जोडून ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ऑनलाइन भरणा: ‘महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट’ अ‍ॅपवर तुमचं गाव आहे का ते पाहा. पावती जपून ठेवा.

लक्षात ठेवा: नमुना ८ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. खरेदीखत वेगळं सांभाळा.